‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीचा समाचार

म्हणी ही भाषेची मिरास होय, व मराठीस ती उदंड लाभली आहे, हे कोणीही मान्य करील. चार शब्दांत चार पिढ्यांचे शहाणपण बांधून ठेवण्याचे जे कसब आपल्या बायाबापड्यांस व कुणब्यांस साधले, ते पुष्कळ पंडितांस ग्रंथ लिहूनही साधलेले नाही. परंतु वडिलार्जित मिळकतीत जशी शेतीवाडी येते तसे वडिलार्जित कर्जही येते, आणि सुज्ञ वारसास या दोहोंचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आमच्या मते कर्जाच्या खात्यात मांडण्यासारखी आहे. ती ऐकून कोणी दचकत नाही. चारचौघांत ती उच्चारली की सर्व हसतात, आणि जिला उद्देशून ती उच्चारली ती वृद्ध व्यक्तीही कसनुसे हसते. पण या हसण्याचे व्याज कोणी तरी भरीतच असते. कोणी ते माजघराच्या बंद दाराआड भरते, कोणी देवळास म्हणून निघून परतीची वाट न सापडल्यामुळे भरते, कोणी वर्गात छड्या खाऊन भरते, आणि कोणी रात्रीमागून रात्र जागून भरते. या व्याजाचा थोडा हिशेब वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या म्हणीत एक विधान उघड आहे व दोन झाकलेली आहेत. उघड विधान असे की, साठ वर्षे झाली म्हणजे बुद्धी नासते. झाकलेल्यांपैकी पहिले असे की, साठीच्या अलीकडे ती नासत नाही. नासल्यासारखी दिसली तर तो दुर्गुण, ढोंग अथवा बाहेरची बाधा. आणि दुसरे असे की, बुद्धी नासणे हा वयाचा धर्मच असल्यामुळे त्याची चौकशी, चिकित्सा किंवा वाटणी करण्याचे कोणास कारण नाही. ही तिन्ही विधाने खोटी आहेत. आणि ज्या म्हणीची तिन्ही अंगे खोटी, ती केवळ जुनी म्हणून जपून ठेवण्यात स्वारस्य नाही.

उघड विधानाचाच समाचार प्रथम घेऊ. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते, आणि १९४४ साली समता संघ काढला तेव्हा ८५. पंडित सातवळेकरांनी औंध सोडून पारडीस स्वाध्याय मंडळाचा पसारा पुन्हा मांडला तो वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, आणि शंभरी ओलांडून १९६८ साली ते वारले. कोणी म्हणेल, हे थोर पुरुष. अपवादांनी नियम मोडत नाही. ठीक आहे. थोरांस बाजूस ठेवून सामान्यांची मोजणी पाहू. साठ व त्याहून अधिक वयाच्या भारतीयांची जी मोठी शास्त्रीय पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत स्मृतिभ्रंशाच्या रोगाचे प्रमाण शंभरात ७.४ इतके आढळले. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते, आणि ती लहान आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु याचा दुसरा अर्थ असा की, साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी बाण्णवांहून अधिक लोकांची बुद्धी जागच्या जागी आहे! जी म्हण शंभरातील बाण्णवांच्या बाबतीत चुकते, तिला अनुभवाचे सार म्हणावे की अविचाराचे, हे वाचकांनीच ठरवावे.

वय वाढते तसा या रोगाचा धोका वाढतो, हे अलबत खरे आहे. पण मोतीबिंदूचाही धोका वयाबरोबर वाढतोच. एके काळी ‘म्हातारपणी डोळे जावयाचेच’ असे म्हणून माणसे काठीच्या आधाराने उरलेले आयुष्य काढीत. आज तसे कोणी म्हणत नाही, कारण मोतीबिंदू हा रोग आहे हे आपण शिकलो व शस्त्रक्रिया करवून घेऊ लागलो. वय हे रोगाचे आमंत्रण असेल. पण आमंत्रण म्हणजे रोग नव्हे. डोळ्यांच्या बाबतीत जे आपणांस कळले ते मेंदूच्या बाबतीत कळू नये, याचे एक कारण ही म्हण आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर चष्मा कोठे ठेवला हे विसरलेला प्रत्येक वाचक हा लेख वाचून घाबरून जावयाचा. वयाबरोबर आठवण थोडी मंदावते. ओळखीच्या गृहस्थाचे नाव ओठांवर येऊन अडते व घटकाभराने आठवते. माडीवर कशासाठी आलो होतो ते जिन्यात विसरते. हा रोग नव्हे. रोगाची चाल निराळी असते. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा हाती घेऊन ही वस्तू कशाची हे न समजणे वेगळे. एकच प्रश्न घटकेत दहा वेळा विचारणे, चाळीस वर्षे केलेल्या आमटीतील जिनसांचा क्रम चुकणे, नेहमीच्या बाजारातून घरी येताना वाट चुकणे, सुटे पैसे मोजता न येणे, बोलता बोलता साधा शब्द न सुचून ‘ते हे’ म्हणत राहणे, आणि या सर्वांमुळे रोजचा व्यवहार अडणे, ही लक्षणे वयाची नव्हेत. जेथे ती दिसतील तेथे म्हण आठवू नये, वैद्य आठवावा.

या रोगांपैकी जो सर्वांत अधिक आढळतो, त्याचा इतिहासच या म्हणीचे उत्तम खंडन आहे. १९०१ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक स्त्री आणली गेली. नवऱ्याचे नाव विचारले असता ती स्वतःचेच नाव सांगे. आलॉइस आल्झायमर या वैद्याने तिला रोज प्रश्न विचारून तिची उत्तरे टिपून ठेवली. १९०६ साली ती वारल्यावर त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात पेशींच्या बाहेर साचलेली पुटे व पेशींच्या आत पडलेल्या तंतूंच्या गाठी त्यास दिसल्या. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्युबिंगन येथील विद्वत्सभेत त्याने हा शोध सांगितला. सभेत एकाही विद्वानाने प्रश्न विचारला नाही. आता ज्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ती ही: रुग्णालयात आणली तेव्हा ही स्त्री ५१ वर्षांची होती. म्हणजे ज्या रोगास आज सारे जग म्हातारपणाचा रोग समजते, तो पहिल्याने ओळखला गेला तो साठी न गाठलेल्या बाईच्या ठायी!

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. १९१० साली क्रेपेलिन या प्रसिद्ध मनोवैद्याने आपल्या पाठ्यग्रंथात या रोगास आल्झायमरचे नाव दिले खरे, पण तो अकाली जडणारा एक दुर्मिळ रोग म्हणून; वृद्धांच्या बुद्धिनाशास मात्र म्हातारपणच समजण्याची जुनी रीत चालू राहिली. म्हणजे युरोपातील पंडितांनीही जर्मन व इंग्रजी भाषांत ‘साठी बुद्धी नाठी’ असेच म्हटले. ही समजूत ढळावयास सुमारे साठ वर्षे लागली. १९६८ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांचे मेंदू तपासून दाखविले की, तेथेही तीच पुटे आहेत आणि बुद्धिनाशाशी त्यांचा संबंध आहे. आणि १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन याने ठासून लिहिले की, पन्नाशीतला रोग व ऐंशीतला रोग हे दोन नसून एकच होत. या साठ वर्षांत किती वृद्धांस कोणी तपासलेच नसेल, याची कल्पना करवत नाही. आपली म्हण खेडवळ म्हणून तिचा दोष सौम्य मानावा, तर येथे तीच चूक अध्यासनांवर बसून झालेली आहे. सबब दोष अज्ञानाचा तितकासा नाही. ‘हे असेच असावयाचे’ असे एकदा ठरले की शोधणारा डोळाच मिटतो, त्याचा आहे.

हा डोळा मिटल्याने प्रत्यक्ष नुकसान काय होते? विसरण्याची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही दूर करण्यासारखी आहेत. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली की बुद्धी मंदावते. रक्ताची तपासणी व स्वस्त गोळी यांनी ती सुधारते. दूध व सामिष पदार्थ यांतूनच मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की स्मृतीस बाधा येते. दूधही बेताचे घेणारी शाकाहारी माणसे, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणारी माणसे, यांच्यात ही उणीव आढळते. न्हाणीघरात पाय घसरून डोक्यास लागलेला मार घरचे विसरून जातात, आणि आठवड्यांमागून आठवडे कवटीच्या आत रक्त साचत राहते; ते काढले म्हणजे ‘चळलेली’ आजी पुन्हा माणसांत येते. मेंदूतील पाण्याचा निचरा बिघडून चाल अडखळते, लघवी आवरत नाही व आठवण जाते. यावरही शस्त्रक्रिया आहे. झोपेच्या गोळ्या आणि काही नेहमीची औषधेच बुद्धीवर झापड आणतात. वार्धक्यातील खोल खिन्नता तर कित्येकदा हुबेहूब स्मृतिभ्रंशाचे सोंग घेऊन येते. आणि कालपर्यंत नीट असलेला माणूस एकाएकी दोन दिवसांत बरळू लागला, ज्यास आपल्याकडे ‘वात झाला’ म्हणतात, तर ते बहुधा अंगातील संसर्ग, पाण्याचा शोष किंवा रक्तातील सोडियम उतरणे यांचे लक्षण असते, आणि तेथे तासांचा प्रश्न असतो. अशा प्रसंगी ‘वय झाले’ म्हणून पांघरूण घालून निजविणारा मुलगा निर्दय असतो असे नाही. त्यास लहानपणापासून एक म्हण पाठ करविलेली असते, इतकेच.

आता पहिले झाकलेले विधान: साठीच्या अलीकडे बुद्धी नासत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे स्मृतिभ्रंशाच्या शंभर रोग्यांत नऊपर्यंत रोगी ६५ वर्षांच्या आत लक्षणे दिसू लागलेले असतात. यांची दैना वृद्धांहून अधिक, कारण यांना म्हणीचाही आसरा नाही. मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांस पोखरणारा एक रोग पुष्कळदा ४५ ते ६५ या वयातच गाठतो. त्यात आरंभी स्मरण शाबूत असते, पण स्वभाव पालटतो. जन्मभर सचोटीने वागलेला कारकून दुकानातील वस्तू न विचारता उचलू लागतो. मितभाषी मास्तर परस्त्रीशी अचकटविचकट बोलतो. काटकसरी गृहस्थ पैसे उधळतो, आणि पत्नीच्या डोळ्यांतील पाण्याचे त्यास काहीच वाटत नाही. लोक म्हणतात, व्यसन लागले. कचेरी म्हणते, कामचुकार झाला. नोकरी जाते, अब्रू जाते, मुलीचे ठरलेले लग्न मोडते, आणि मग केव्हा तरी मेंदूचे छायाचित्र काढले जाते. स्त्री असली तर बहुधा तेही नाही. तिच्यासाठी मांत्रिक असतो. याखेरीज दारूच्या अतिरेकात ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावी नवी आठवण धरण्याची शक्तीच नष्ट होते, हे रशियन वैद्य कोर्साकोव्ह याने १८८७ सालापासून वर्णिलेले आहे. आणि दुचाकीवरून शिरस्त्राणावाचून पडलेल्या तरुणांच्या स्मृतीचे जे होते त्याचे वर्णन करावयास दूर जावयास नको.

याहून करुण प्रकार मुलांचा. लहान मुलास स्मृतिभ्रंश होतो हे ऐकूनच पुष्कळांस नवल वाटेल. गोवराचे विष क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत दडून राहते आणि बहुधा सहा ते दहा वर्षांनी डोके वर काढते. पहिल्या पाचांत असणारे मूल नापास होऊ लागते, पाठ झालेले पाढे विसरते, अक्षर बिघडते. मग अंगास झटके येऊ लागतात, आणि पुढे वाचा व चालणेही जाते. यास खात्रीचे औषध नाही. प्रतिबंध मात्र आहे, तो म्हणजे गोवराची लस, जी आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात १९८५ पासून समाविष्ट आहे. बॅटन रोग, सॅनफिलिपो रोग असे काही आनुवंशिक विकारही शिकलेले सर्व पुसून टाकतात. आईबाप दोघांकडून सदोष बीज आल्यास ते उद्भवतात, म्हणून जवळच्या नात्यातील विवाहात त्यांचा धोका वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल जेथे आहे तेथे हे सांगणे अप्रिय असले तरी सांगितले पाहिजे. या मुलांस पहिली चिकित्सा कोणती मिळते? वेताची छडी. ‘लक्ष नाही’, ‘आळशी आहे’, ‘लाडाने बिघडला’! जे मूल कालपर्यंत येत असलेले आज विसरते, ते आळशी नसते. न शिकणे वेगळे आणि शिकलेले हरवणे वेगळे, हा एवढा भेद जरी प्रत्येक शिक्षकास व पालकास ठाऊक झाला, तरी पुष्कळ छड्या वाचतील.

स्मृती हे एकच एक कोठार आहे, अशी आपली सर्वांची समजूत असते, आणि तिच्यातून ढोंगाचा आरोप जन्मतो. ‘पन्नास वर्षांपूर्वीच्या ओव्या बिनचूक म्हणतात, आणि आत्ता जेवल्या ते मात्र आठवत नाही! सोयीचे तेवढे बरे आठवते!’ हे वाक्य किती घरांत किती सुनांनी उद्वेगाने उच्चारले असेल! त्यांस दोष देण्यापूर्वी त्यांस एक हकीकत सांगितली पाहिजे. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. तेव्हापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्यास नवे काही ध्यानात ठेवता आले नाही. बालपण आठवे, पण आत्ता भेटून गेलेला माणूस पुन्हा आला तर तो त्यास नवाच वाटे. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्यास आरशात पाहून चांदणी रेखाटावयास लाविले, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. परंतु हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्यास गंधवार्ता नसे. म्हणजे नवी घटना टिपणारे दालन एक, जुन्या आठवणींचे दुसरे, आणि हाताच्या सवयीचे तिसरे. आल्झायमरचा रोग बहुधा याच हिप्पोकॅम्पसपासून आरंभ करतो. म्हणून सासूबाईंस ओव्या येतात व जेवण आठवत नाही. त्यात लबाडी नाही. उलट तशी लबाडी साधण्यास जी बुद्धी लागते तीच त्यांच्यापाशी उरलेली नसते.

दुसरे कित्येक लोक ढोंगाऐवजी पापाचा आरोप करतात, आणि त्यासाठी गीतेचा आधार घेतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून क्रोध, क्रोधापासून संमोह व पुढे स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश अशी जी परंपरा सांगितली आहे, ती विवेक सुटलेल्या निरोगी माणसाची आहे. वैद्यकाने तो शब्द उसना घेतला, इतकाच संबंध. शब्दसाम्यावरून रोग्याच्या चारित्र्याचा निवाडा करणे हे गीतेचेही अज्ञान आणि वैद्यकाचेही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: ‘आल्झायमरवर रामबाण औषध नाही, हे तुम्हीच जाणता, मग रोगाचे नाव कळून लाभ काय?’ लाभ पुष्कळ आहेत. बरी होण्यासारखी कारणे वर सांगितलीच. ती नाहीत, हे तपासल्यावाचून कळत नाही. डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात. लेकॅनेमॅब व डोनानेमॅब ही जी नवी औषधे २०२३ व २०२४ साली अमेरिकेत मान्य झाली, ती रोगाची गती थोडी मंद करतात. ती महाग आहेत, मेंदूत सूज व रक्तस्राव होण्याचा त्यांत धोका आहे, आणि मुख्य म्हणजे ती आरंभीच्या अवस्थेतच उपयोगी पडतात. जो वाचक ‘वय झाले’ म्हणून तीन वर्षे थांबला त्याच्यासाठी ती नाहीत. शिवाय रोगाचे नाव वेळेवर कळले तर रोगी स्वतः मृत्युपत्र करू शकतो, पैशाअडक्याची व्यवस्था लावू शकतो. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा विकार घेतला आहे, आणि पुढे आपली शुश्रूषा कशी व्हावी व कशी होऊ नये हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकारही दिला आहे. विमा देणाऱ्यांनी शारीरिक व मानसिक आजारांत भेद करू नये, असेही त्या कायद्यात आहे. हे हक्क म्हणीवर विसंबणाऱ्यास मिळत नाहीत. निदानाच्या कागदावर मिळतात.

आणि जेथे निदान नसते तेथे दुकानदार असतो. स्मरणशक्तीची चूर्णे, बुद्धिवर्धक पाक, आठवडाभरात गुण देणारे अर्क यांच्या जाहिराती आम्ही नित्य वाचतो. बदाम खाण्यास आमची ना नाही. तो रुचकर आहे. परंतु बदामाने आल्झायमर बरा होत असता तर श्रीमंतांस तो कधीच झाला नसता.

दुसरा आक्षेप संस्कृतीच्या अभिमान्यांचा: ‘आमच्याकडे एकत्र कुटुंब होते, वृद्धांची सेवा घरातच होई, हे निदान, ही शुश्रूषागृहे, हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ.’ घरात सेवा होई, हे खरे. पण करीत कोण असे? ‘घर’ या शब्दाआड नेहमी एक विशिष्ट व्यक्ती उभी असते, आणि तिच्या हातात बांगड्या असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, या रोग्यांच्या शुश्रूषेचे शंभरांतील सत्तर तास स्त्रिया देतात. आणि घरची माणसे सरासरीने रोज पाच तास या कामी खर्चितात. मामंजी रात्री दोन वाजता कचेरीत जावयाचे म्हणून कोट चढवितात. त्यांस समजावून निजवावयाचे, ओले अंथरूण बदलावयाचे, पाच वाजता उठून डबे करावयाचे, आणि दुपारी त्यांच्याच तोंडून ‘ही बाई माझे पैसे चोरते’ हे ऐकून घ्यावयाचे! पुतण्या गणपतीत दोन दिवस येतो, मामंजी त्याच्याशी छान गप्पा मारतात, आणि तो वहिनीस सांगून जातो की, काका तर अगदी ठणठणीत आहेत. ही जी सेवा, तिचा गौरव करणारे पुष्कळ. तिच्यात वाटेकरी होणारे किती?

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा चित्रपट अनेक वाचकांनी पाहिला असेल. त्यात विस्मृतीने ग्रासलेला एक संस्कृत पंडित हत्तीच्या मागे वाट चुकतो, आणि माहुताची अशिक्षित बायको त्यास लेकरासारखा सांभाळते. त्या बाईच्या वात्सल्याने आपले डोळे पाणावतात, आणि ते योग्यच आहे. परंतु डोळे पुसून घरी आल्यावर आपल्याच स्वयंपाकघरातील बाईस आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी मिळते की नाही, हे ज्याने पाहिले नाही, त्याने चित्रपट नुसता पाहिला असे आम्ही म्हणू. हीच या म्हणीची सर्वांत मोठी हानी आहे. रोग म्हटला की रजा मिळते, खर्चाची वर्गणी होते, पाळ्या लागतात. वय म्हटले की सून पुरे होते. दिवसभर रोगी सांभाळणारी केंद्रे, काही दिवसांची विश्रांती देणारी शुश्रूषागृहे यांस संस्कृतीचा ऱ्हास म्हणणाऱ्यांनी आधी सलग सात रात्री स्वतः जागून दाखवाव्या. मग त्यांच्याशी संस्कृतीविषयी बोलू.

राहता राहिला प्रतिबंधाचा विचार. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली चौदा कारणे दाखवून म्हटले की, ती सर्व दूर करता आली तर जवळजवळ निम्मे स्मृतिभ्रंश टळतील अथवा लांबणीवर पडतील. रक्तदाब, मधुमेह, वाईट चरबी, स्थूलपणा, तंबाखूचे धूम्रपान, दारू, डोक्याचा मार, व्यायामाचा अभाव, खिन्नता, दूषित हवा ही काही. आणि आमच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखी चार म्हणजे बालपणी शिक्षण न मिळणे, उपचारावाचून राहिलेले बहिरेपण, उपचारावाचून राहिलेले अंधत्व आणि एकाकीपणा. वर सांगितलेल्या भारतीय पाहणीत हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळला. ज्या पिढीतील मुलींस शाळेऐवजी चूल दिली गेली, त्याच आज सत्तरीत आहेत. तेव्हा त्यांच्या विस्मृतीवर विनोद करताना, तिच्यात आपल्या समाजाचाही काही वाटा असू शकेल, याचे भान असलेले बरे. आजोबांस ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याशी बोलणेच सोडून देणारे घर दोन कारणे एकदम पुरविते. कानात यंत्र बसविणे त्या मानाने स्वस्त आहे.

सरकारचे कर्तव्य यातून सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या रोगासंबंधी कृति-आराखडा मंजूर केला. आपल्या देशात १९९२ साली कोचीन येथे रोग्यांच्या आप्तांस आधार देणारी आल्झायमर संस्था निघाली, ती काही खाजगी माणसांच्या कळकळीने. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजतात तशी स्मृतीचीही साधी तपासणी व्हावी, ब-१२ व थायरॉइड यांची चाचणी तालुक्याच्या ठिकाणी फुकट व्हावी, आणि वाट चुकलेल्या वृद्धास वेडा समजून हाकलण्याऐवजी त्याचे घर शोधून देण्याचे शिक्षण पोलिसांस मिळावे, या मागण्या अवाजवी नाहीत. त्या जोराने केल्या जात नाहीत, कारण मागणाऱ्यांच्याही मनात तीच म्हण दबा धरून बसलेली असते.

भाषेतून शब्द हुकुमाने घालविता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण ‘देवीचा कोप’ हे शब्द देवीची लस सर्वत्र टोचली गेल्यावर आपोआप मागे पडले, तसे याही म्हणीचे होऊ शकेल. तोपर्यंत वाचकांजवळ आमचे मागणे एवढेच की, घरातील कोणीही, मग ते आठ वर्षांचे असो, अठ्ठेचाळीसचे असो की अठ्ठ्याऐंशीचे, येत असलेले विसरू लागले, तर त्याचे वय न सांगता त्यास वैद्याकडे न्यावे, आणि जाताना एका कागदावर काय विसरते, केव्हापासून व कोणती औषधे चालू आहेत हे लिहून न्यावे. आणि चारचौघांत पुन्हा कोणी ती म्हण उच्चारून हसू लागला, तर आपण हसू नये. तेवढे पुरे आहे.